तोंडपाठ म्हणायला मनाई

वडिलांना दिसत नाही हे मला कळलं, तेव्हा पहिल्यांदा मला त्यांचा रागच आला. दुःख वगैरे सगळं मागाहून. वर्षभर ते सगळ्यांसमोर उभं राहून वाचत होते, आणि ते खरं तर वाचतच नव्हते हे आता मला ठाऊक झालं होतं. ते गुपित सांभाळण्याचं काम कुणी न विचारता माझ्या गळ्यात मारलं होतं.

एकोणीसशे तीस सालानंतरची ही गोष्ट. नाशिकला तांबट आळीच्या मागच्या बाजूला एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. बाबा देवळालीच्या लष्करी इस्पितळात कंपाउंडर होते, निवृत्त झाल्यावर गावात आले. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे. वय बावीस, लग्न झालेलं नाही, त्यामुळे नातेवाइकांच्या बोलण्याला विषयाची कधी कमतरता नव्हती. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. नाशिकला लोकांना आमचं काय करावं ते कळत नसे. कुणी पारशी समजे, कुणी ख्रिस्ती. आई नऊवारी नेसायची आणि भाजीवालीशी कडाकडा भांडायची, त्यामुळे भाजीवालीला मात्र कसलाच प्रश्न पडला नाही.

नाशिक, नाशिक रोड आणि देवळाली मिळून आमची दहा-बारा घरं. सिनेगॉग नव्हतं. प्रार्थना आमच्या बैठकीच्या खोलीत व्हायची, कारण सेफेर आमच्या कपाटात होतं. सेफेर म्हणजे आमच्या तोराची, धर्मग्रंथाची, गुंडाळी. चामड्याचे तक्ते एकमेकांना शिवलेले, दोन लाकडी दांड्यांवर दोन्हीकडून गुंडाळलेले, वर जांभळ्या मखमलीचं आवरण. ते आमच्या मालकीचं नव्हतं. मुंबईच्या मंडळींनी ते आम्हाला वापरायला दिलं होतं आणि देताना एकच अट घातली होती. वाचणारा आहे तोवरच सेफेर तुमच्याकडे. वाचणारे म्हणजे बाबा, दुसरं कुणी नव्हतं.

यात अवघड ते काय, असं कुणालाही वाटेल. पण त्या गुंडाळीतल्या इब्री, म्हणजे हिब्रू लिखाणात फक्त व्यंजनं असतात. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, वाक्य कुठे संपलं त्याची खूण नाही, आणि चाल तर कुठेच लिहिलेली नाही. फार प्राचीन काळी लिहायचे तसंच ते आजही लिहायचं. उच्चाराच्या आणि चालीच्या खुणा कितीतरी शतकांनंतरच्या विद्वानांनी बसवल्या, तोपर्यंत ते सगळं बापाकडून मुलाकडे तोंडीच जात होतं. त्या खुणा पुस्तकांत आल्या, सेफेरात मात्र त्यांना अजून प्रवेश नाही. म्हणून वाचणाऱ्याने आठवडाभर छापील पुस्तकावर तयारी करायची आणि शनिवारी, आमच्या शब्बाथला, त्या उघड्या अक्षरांवर नजर ठेवून चालीत वाचायचं. हातात चांदीची काडी, तिच्या टोकाला छोटंसं बोट. चामड्याला माणसाचा हात लावायचा नाही, ते चांदीचं बोट फिरवायचं. शेजारी एक जण छापील पुस्तक घेऊन उभा राहणार आणि अर्थ बदलेल अशी चूक झाली की तिथल्या तिथे थांबवणार. आमच्यात ते काम एका रेल्वे गार्डांकडे होतं. मी त्यांना गार्डकाका म्हणायचे, ते बाबांना मास्तर म्हणायचे. गाडी थांबवायच्या सवयीने ते असे 'हं!' करायचे की स्वयंपाकघरातल्या बायकाही दचकायच्या.

आणखी एक नियम होता, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. पाठ असलं तरी पाठ म्हणायचं नाही. लिहिलेलं आहे ते बघूनच वाचायचं. म्हणून ज्याला दिसत नाही त्याला सेफेर वाचता येत नाही, मग तो कितीही विद्वान असो. हे मला बाबांनीच शिकवलं होतं. सेफेर लिहिणाऱ्यालाही तोच नियम. सगळं तोंडावर असलेला लेखनिकही समोर दुसरी प्रत ठेवल्याशिवाय लिहायला बसत नाही, आणि प्रत्येक शब्द आधी मोठ्याने उच्चारून मगच चामड्यावर उतरवतो. लहानपणी मी विचारलं होतं, "पण पाठ असेल तर बिघडलं कुठे?"

"आठवण लबाड असते," बाबा म्हणाले होते. "खडबडीत जागा ती गुळगुळीत करून टाकते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही."

आमच्या खाली राहणाऱ्या गुरुजींना हे सगळं उफराटं वाटायचं. ते पाठशाळेत मुलांना वेद शिकवायचे. संध्याकाळी ओट्यावर बसले की बाबांना हमखास छेडायचे. "अहो कंपाउंडर, पोथीत डोकावून म्हणणारा आमच्यात सगळ्यांत खालच्या पायरीवर. आणि तुमच्यात तोच वरच्या पायरीवर होय?"

"तुमचा विश्वास कानावर, गुरुजी. आमचा डोळ्यावर," बाबा म्हणायचे, आणि दोघं हसायचे.

पुढे ते वाक्य आठवलं की मला हसू येत नसे.

त्या वर्षी बाबांनी एक नवी खोड लावून घेतली होती. मी शाळेतून आले, चहा झाला की ते म्हणायचे, "पोरी, जरा या आठवड्याचा भाग वाच. दिव्याला उजेड नाही." मग मी छापील पुस्तक घेऊन बसायचे. मला अक्षरं आणि चाल त्यांनीच शिकवली होती, अर्थ मात्र निम्म्याहून कमी कळायचा. बाहेर तांबटांचे हातोडे ठकठक चाललेले असायचे आणि मी त्या ठोक्यावर वाचत जायचे. बाबा डोळे मिटून ऐकायचे. एकदा, दोनदा, तीनदा. मला वाटायचं, म्हातारपणी लेकीचा आवाज ऐकायची हौस आहे. मनातून मी सुखावले होते, हेही सांगून टाकते.

पावसाळ्याच्या तोंडाशी एक भाग येतो, त्यात बारा वंशांचे बारा सरदार एकेक दिवस अर्पणं घेऊन येतात. प्रत्येकाचं चांदीचं ताट तेच, चांदीचा वाडगा तोच, धूपाने भरलेली सोन्याची पळी तीच. शब्द न् शब्द तेच, फक्त सरदाराचं नाव आणि दिवस वेगळा. त्या दिवशी शाळेत तपासणी होती, माझं डोकं उठलं होतं. वाचता वाचता माझी नजर एका ओळीवरून उचलली गेली आणि खाली तशाच दुसऱ्या ओळीवर जाऊन बसली. एक अख्खा सरदार मधल्या मध्ये गळाला. मला कळलं नाही. बाबांनाही कळलं नाही, कारण हातोड्यांच्या तालात ते सगळं एकसारखंच वाटत होतं. दमले होते म्हणून मी ते एकदाच वाचलं आणि उठले.

शनिवारी मी नेहमीप्रमाणे बायकांबरोबर आतल्या दाराशी बसले होते. बाबा वाचत होते, चांदीचं बोट सरकत होतं. आणि गार्डकाकांचं "हं!" आलं.

"मास्तर, एक सरदार राहिला."

त्यांनी राहिलेल्या सरदाराचं नाव घेतलं. ते ऐकताच मला लख्ख कळलं की ते नाव मी त्या आठवड्यात वाचलेलंच नाही. माझी चूक माझ्याच जागेवर, माझ्याच चालीत, बाबांच्या तोंडून बाहेर आली होती. समोर तो सरदार काळ्याभोर अक्षरांत उभा होता. डोळे असलेला माणूस त्याला ओलांडून कसा जाईल? गार्डकाकांनी पुस्तकातून ती जागा वाचून दाखवली, बाबांनी ती त्यांच्यामागून म्हटली, आणि वाचन पुढे गेलं. सगळ्यांच्या लेखी ती साधी चूक होती. बारा एकसारख्या सरदारांत कोण गोंधळणार नाही? फक्त मी दाराची चौकट धरून बसले होते.

पुस्तकं हाताने उतरवली जायची तेव्हा याच जागी चुका व्हायच्या, असं बाबांनीच कधीतरी सांगितलं होतं. दोन सारखे शब्द, उतरवणाऱ्याची नजर वरच्यावरून खालच्यावर पडते आणि मधलं गळतं. पुढचा माणूस ती प्रत उतरवतो तेव्हा त्याच्याही प्रतीत ते नसतं. म्हणून तर समोर प्रत आणि शेजारी तपासणारा. तेव्हा मला ही जुन्या लोकांची गंमत वाटली होती.

रविवारी आई बाजारात गेल्यावर मी बाबांपुढे उभी राहिले. आडवळणाने बोलणं मला जमत नाही.

"तुम्हाला दिसत नाही."

ते पान लावत होते. हात थांबला नाही. चुना, कात, सुपारी, सगळं जिथल्या तिथे सापडत होतं. आणि त्याच क्षणी मला कळलं की घरातली प्रत्येक वस्तू कित्येक महिने जिथल्या तिथे होती. वहाणा, तांब्या, काठी. आईला माझ्या आधीपासून ठाऊक होतं.

"उजेड कळतो," ते म्हणाले. "माणूस उभा आहे हे कळतं. अक्षर गेलं."

"मोतीबिंदू असेल. मुंबईला जाऊन काढून घेऊ."

"इस्पितळात एवढी वर्षं काढली मी. हा काचबिंदू आहे. यात काढून टाकण्यासारखं काही नसतं."

"मग सांगून टाका सगळ्यांना!" मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्हीच मला शिकवलंत ना, पाठ म्हणायचं नाही म्हणून? मग तुम्हीच..."

"सांगतो. आणि मग? सेफेर मुंबईला जाईल."

"जाऊ दे."

त्यांनी पान बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "कोकणात आपल्या लोकांकडे पुस्तक नव्हतं. हरवलं की बुडालं, कुणाला माहीत. एक वाक्य तेवढं राहिलं होतं. देव एक आहे, एवढंच. लग्नात तेच, सुंतेला तेच, मयताला तेच. बाहेरून लोक आले, त्यांनी शिकवलं, तेव्हा आपल्याला आपलं पुस्तक परत मिळालं. माझ्या आजाने म्हातारपणी अक्षरं गिरवली. आणि ते माझ्या हातून परत जाऊ देऊ? एवढं वर्ष पुरं करू दे. सिम्हाथ तोराला शेवटचा भाग वाचतो आणि मग मीच सांगतो."

सिम्हाथ तोरा म्हणजे वर्षाचं वाचन संपतं तो सण. नव्याचा सण, मग दार फळणीचा, म्हणजे दारं लावून घेऊन करायचा उपासाचा सण, मग मांडवाचे दिवस आणि त्यांच्या शेवटी हा. म्हणजे अजून चार-साडेचार महिने. मला ते चूक वाटत होतं आणि नाही म्हणायचं धाडस होत नव्हतं. त्या महिन्यांत मी शांत झोपल्याचं आठवत नाही. दर शनिवारी गार्डकाका घसा खाकरले तरी मी दचकायचे. चांदीचं बोट चुकीच्या ओळीवर फिरतंय का, हे लांबून दिसत नसे, तरी मी मान उंचावून बघायचे. शेजारच्या बायकांना वाटायचं, पोरगी भारी भक्तिमान झाली. एकीने तर तेवढ्यावरून माझ्यासाठी स्थळही सुचवलं.

मी ठरवलं, पाठच म्हणायचं आहे तर निदान ते बिनचूक तरी झालं पाहिजे. मी खाली गुरुजींकडे गेले आणि विचारलं, तुमच्या मुलांच्या पाठातून शब्द गळत कसा नाही?

गुरुजी खूश झाले. "गळेल कसा? सरळ म्हणून थांबतोय कोण! पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा, अशी कडीत कडी अडकवायची. मग उलट यायचं. मधली कडी निसटली तर पुढचीच लागत नाही. का हो, कंपाउंडर शेवटी आमच्यात आले की काय?"

"छे हो, मलाच शिकायचंय," मी म्हटलं. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, पण ओट्यावर अंधार होता.

त्या दिवसापासून आम्ही बापलेक कडीत कडी अडकवत बसलो. इब्री शब्द, नाशिकच्या पाठशाळेची पद्धत आणि तांबटांचे ठोके. बाबांना प्रथम हसू आलं, मग ते मुलासारखे इरेला पेटले. एखादा शब्द मी मुद्दाम गाळून बघायचे, ते लगेच हात वर करायचे. पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या पाठात बोट ठेवायला जागा उरली नाही. आणि बसल्या बसल्या माझाही पाठ होत गेला, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

शेवटचा भाग छोटासाच. आमचा सर्वांत मोठा संदेष्टा डोंगरावर चढतो, देवाने कबूल केलेला देश लांबूनच बघतो आणि मरतो. त्याच्या मरणाची ही शेवटची वाक्यं कुणी लिहिली, यावर आमच्या जुन्या पंडितांचा वाद आहे, बाबांनी मला सांगितला होता. सगळं पुस्तक त्याच्या हातचं मानलं तर स्वतःचं मरण त्याने लिहिलं कसं? कुणी म्हणतं, पुढची वाक्यं त्याच्या शिष्याने लिहिली. कुणी म्हणतं, नाही, वरून सांगितलं गेलं आणि त्यानेच ती रडत रडत लिहून घेतली. "तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "शिष्याने लिहिली असतील तर मला बरं वाटेल. कुणीतरी पुढे होतं म्हणायचं."

त्याच वाक्यांत एक वाक्य असं आहे की तो इतका म्हातारा झाला, तरी त्याची नजर मंदावली नव्हती. त्या जागी आलो की मी घाईघाईने वाचायचे. 

सणाच्या दोन दिवस आधी मुंबईहून एक पाहुणे आले. सेफेर दिलं त्या मंडळींपैकी, बारीक चणीचे, काळी टोपी, नाकावर जाड चष्मा. सेफेरचं चामडं दमट हवेत कसं राहिलंय ते बघायला आले होते. टांग्यातून त्यांच्याबरोबर एक लांबडी लाकडी पेटी उतरली. आत कापसाची गादी होती. कशासाठी ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पेटी बैठकीच्या खोलीत भिंतीशी ठेवली, आणि आई दोन दिवस तिला वळसा घालून केर काढत होती.

पाहुण्यांनी गुंडाळी उलगडून एकेक तक्ता भिंगाने पाहिला. कुठे शाई उडाली आहे का, कुठे शिवण सुटली आहे का. एक अक्षर जरी तुटलं तरी दुरुस्त होईपर्यंत सेफेर वाचायला चालत नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, चामड्याला एवढं बघताय, वाचणाऱ्याकडे बघू नका. शेवटी त्यांनी भिंग खिशात ठेवलं.

"उत्तम ठेवलंय," ते म्हणाले. "सणाच्या दिवशी मी शेजारी उभा राहीन. मला छापील पुस्तक नको, मी सेफेरातच बघतो."

बाबा म्हणाले, "जरूर." मी चहाच्या कपबशा उचलून आत गेले.

सणाच्या सकाळी खोली भरली. आतल्या दाराशी आई आणि मी, मागे बाकीच्या बायका. मांडीवर मी माझं छापील पुस्तक उघडून ठेवलं होतं. बाबांनी सुरुवात केली. आवाज खणखणीत होता. एका बाजूला गार्डकाका, दुसऱ्या बाजूला पाहुणे, आणि पाहुण्यांचा चष्मा त्या चांदीच्या बोटाच्या अगदी मागे. वंशांचे आशीर्वाद झाले. डोंगर आला. एकही कडी निसटली नाही. माझे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. पाहुण्यांनी एकदा भुवया आक्रसल्या, एकदा बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि परत अक्षरांकडे.  तो मेला, त्याला पुरलं, आणि आता नजरेचं वाक्य.

बाबा थांबले.

मला वाटलं, विसरले. मी तो शब्द पुटपुटले. आईने माझं मनगट घट्ट धरलं.

बाबांनी चांदीची काडी खाली ठेवली. मराठीत म्हणाले, "हे वाक्य मला न बघता म्हणवत नाही. मला दिसत नाही. मागचंही दिसत नव्हतं. गेलं वर्षभर मी पाठ म्हणतोय."

 गार्डकाका पुस्तक छातीशी धरून उभे होते. पाहुणे म्हणाले, "बोट ओळीवर नव्हतं, ते मी पाहिलं. वाटलं, हात थरथरतोय."

"एवढ्या दिवसांत एक सरदार तेवढा राहिला होता," गार्डकाका मध्येच बोलले. "बाकी मास्तरांची एक चूक नाही."

"चुकांचा प्रश्न नाही," पाहुणे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. त्यांनी भिंतीकडे, त्या पेटीकडे पाहिलं. "वाचणारा कोण आहे तुमच्यात आता?"

 शेवटी गार्डकाकाच म्हणाले, "मला अक्षरं येतात. उच्चार आणि चाल कुणी शब्दाशब्दाला सांगितली, तर मी सेफेरात बघून वाचेन."

"सांगणार कोण?"

बाबांनी आतल्या दाराकडे तोंड वळवलं. "पोरी, पुस्तक आहे ना हातात?"

पुरुषांत कुजबुज झाली. बाईमाणसाचा आवाज, वाचनाच्या वेळी! मागच्या बाईने माझा पदर ओढला. पाहुणे बराच वेळ चष्मा पुशीत राहिले. शेवटी म्हणाले, "वाचणारा तो. ती पुस्तकात बघून फक्त आठवण देणार. दारातूनच सांगू दे. पण भाग पहिल्यापासून. झालेलं वाचन धरायचं नाही. जमलं तर पुढच्या वर्षाचं बघू."

जमलं तर. म्हणजे ती पेटी आता माझ्या जिभेवर येऊन बसली होती. मी उभी राहिले, चौकटीला टेकले आणि पहिला शब्द सांगितला. गार्डकाकांनी सेफेरात चांदीचं बोट ठेवून तो वाचला. त्यांना चालीचं अंग नव्हतं, सूर रुळावरून घसरल्यासारखा जात होता, पण शब्द नीट येत होता. मी एक शब्द पुढे, ते एक शब्द मागे. बाबांना कुणीतरी खुर्ची दिली होती. डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून ते बसले होते, रोज संध्याकाळी बसायचे तसेच. आशीर्वाद झाले. परत डोंगर आला. परत तो मेला. आता पुढे ते वाक्य येणार, हे मला माहीत होतं, आणि माझे डोळे भरून आले. त्या जागी परक्या देशाचं एकच नाव लागोपाठ दोन ओळींत येतं. माझी नजर वरच्या नावावरून उचलली गेली आणि खालच्या नावावर पडली.

गार्डकाकांचं चांदीचं बोट अडखळलं. मी सांगितलेला शब्द त्यांच्यासमोर नव्हता. पाहुण्यांनी मान वर केली. माझ्या लक्षात येईना की काय झालंय. 

"पोरी," खुर्चीतून बाबा म्हणाले, "त्यांना पुरायचं राहिलं."

मी पदराने डोळे पुसले आणि मागे गेले. ती ओळ होती, दरीत त्याला पुरल्याची, आणि त्याची कबर कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नसल्याची. ती सांगितली. काकांनी अक्षरं सापडल्याबरोबर एवढ्या मोठ्याने वाचली की एक-दोघं हसले. मग मी नजरेचं वाक्य सांगितलं. ते काकांनी बघून वाचलं, एकेक अक्षरावर चांदीचं बोट ठेवून. बाबांनी मान हलवली. बरोबर आहे, म्हणून.

शेवटचा शब्द झाल्यावर सगळ्यांनी एकदम आशीर्वाद म्हटला. मग आमच्या रीतीप्रमाणे लगेच पहिल्यापासून सुरू करायचं होतं, सृष्टीच्या आरंभापासून. सेफेर एकच, तेव्हा सगळी गुंडाळी उलटी फिरवून पहिल्या तक्त्यावर आणायची होती. पाहुण्यांनी टोपी नीट केली, एक दांडी स्वतः धरली, दुसरी गार्डकाकांच्या हातात दिली. फिरवता फिरवता मला म्हणाले, "बाई, पुढचं पान काढून ठेवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना नाशिक रोडला पोचवायला गेलो. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता, आता तो कुणापासून लपवायचा नव्हता. गार्डकाका ड्यूटीवर होते, त्यांनी डबा दाखवला. हमालाने लांबडी पेटी एका झटक्यात डोक्यावर घेतली आणि तोल जाऊन अडखळला.

"आयला, लय हलकी हाय की ही," तो म्हणाला. "यात काय नाय वाटतं?"

"नाही बाबा," वडील म्हणाले. "ते घरी आहे."